नव्या उद्यानाला नाव देताना: पहिल्या फेरफटक्यापासून पाटी लागेपर्यंत

सारसबागेतल्या गणपतीला पुण्यात अजूनही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. पर्वतीच्या पायथ्याचं ते तळं केव्हाच गेलं, तिथे हिरवळ आली, पण नावात पाणी राहिलं. याच शहरात बंड गार्डनचं अधिकृत नाव महात्मा गांधी उद्यान आहे. गांधीजींबद्दल कुणाच्या मनात आदर कमी आहे म्हणून ते नाव रुळलं नाही, असं नाही. नदीवरचा बंधारा, त्यावरून पडलेलं रस्त्याचं नाव आणि आजूबाजूचा परिसर हे सगळं आधीच 'बंड गार्डन' झालं होतं, आणि नवं नाव त्यानंतर आलं. मुंबईतही तसंच. फिरोजशाह मेहता उद्यानात जायचं असं सांगून कुणी घरातून निघत नाही, हँगिंग गार्डनला जातात. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान पाटीवर आहे आणि पोरांच्या तोंडी राणीची बाग.

याच्या अगदी उलट गोष्ट शिवाजी पार्कची. मुंबई महापालिकेनं १९२५ साली ते मैदान खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. मैदान तेव्हा अवघं दोन वर्षांचं होतं आणि भोवतालच्या बहुतेक इमारती पुढच्या काळात उभ्या राहिल्या. वस्ती वाढली ती त्या नावासकटच, आणि आज तो अख्खा भाग 'शिवाजी पार्क' आहे.

नाव कितीही मोठं असलं तरी ते वेळेवर आलं आणि जिभेवर बसलं तरच टिकतं. पुढे जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या शहरांत राहणाऱ्या, आपल्या भागात नवं उद्यान होताना पाहणाऱ्या आणि त्याचं नाव आपल्याला विचारून ठरावं असं वाटणाऱ्या माणसांसाठी.

१. जागा नेमकी कुणाची, ते आधी काढा

ही पायरी लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी तिथेच अडकतात. पत्र्याचं कुंपण दिसलं, माती पडली, म्हणजे ती जागा महापालिकेची असतेच असं नाही. शहराच्या विकास आराखड्यातलं उद्यानाचं आरक्षण, म्हणजे उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा असेल, तर जागा ताब्यात आली आहे का हे बघावं लागतं. मोठ्या गृहप्रकल्पाच्या मंजूर नकाशातली खुली जागा असेल, तर ती सोसायटीची असू शकते. म्हाडाची, सिडकोची, वन खात्याची किंवा जलसंपदा विभागाची जागा असेल, तर महापालिका तिथे फक्त देखभाल करते आणि नाव देण्याआधी मूळ खात्याची संमती लागते.

पाहायचे कागद तीन: विकास आराखड्याचा तुमच्या भागाचा नकाशा आणि त्यावरचा आरक्षण क्रमांक, जागेचा सातबारा किंवा शहरी हद्दीत मालमत्ता पत्रक, आणि उद्यानाच्या कामाचा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेला लेखी आदेश. पहिला नगररचना विभागात मिळतो, दुसरा ऑनलाइनही निघतो. तिसरा सहज मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात या अर्जाला १० रुपये शुल्क आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा हवा, आणि माहिती देण्याची मुदत ३० दिवस. प्रश्न नेमका विचारा: 'अमुक आरक्षण क्रमांकाच्या जागेवरील उद्यानास नाव देण्याबाबत कोणताही प्रस्ताव वा ठराव असल्यास त्याची प्रत द्यावी.' पुष्कळदा उत्तरातून कळतं की कुणीतरी आधीच एक नाव सुचवून ठेवलंय. ते आज कळलेलं बरं, लोकार्पणाच्या दिवशी नको.

२. निविदेतलं नाव मुरण्याआधी हालचाल करा

निविदेत उद्यानाला नाव नसतं. 'प्रभाग क्रमांक अमुक येथे उद्यान विकसित करणे' एवढंच असतं. तेच शब्द बिलांवर जातात, तेच वीजजोडणीच्या अर्जावर, तेच रखवालदाराच्या हजेरीपुस्तकात. काम वर्षभर चाललं की लोकही तसंच म्हणू लागतात. आमच्या भागातल्या एका उद्यानाला मुलं कित्येक वर्षं 'दोन नंबर गार्डन' म्हणत होती. त्या जागेवर पूर्वी चिंचांची रांग होती आणि जुनी माणसं तिला चिंचबन म्हणायची, हे आम्हाला कळलं तेव्हा उद्घाटन होऊन गेलं होतं आणि कोनशिला बसली होती. त्याची हळहळ मला अजून आहे.

म्हणून कुंपण दिसल्यापासून भूमिपूजनापर्यंतचा काळ हा खरा कामाचा. भूमिपूजन झालं तरी हरकत नाही, पण लोकार्पणाची तारीख ठरली की फार उशीर झालेला असतो. कोनशिला कोरायला गेली म्हणजे नावही गेलं, असं समजा.

३. लोक आधीच काय म्हणतात, ते ऐका

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवायला सांगेन. नाव 'सुचवायला' बसण्याआधी ते जमिनीत आहे का, ते शोधा.

सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा फेऱ्या मारा. टपरीवाला, भाजीवाली, रिक्षा स्टँडवरचे चालक, पोस्टमन, जवळच्या बांधकामावरचे मुकादम या सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: 'ही जागा कुठे आहे, हे तुम्ही दुसऱ्याला कसं सांगता?' 'हिला काय नाव द्यावं?' असं विचारू नका. तसं विचारलं की माणूस सावध होतो आणि कुठल्यातरी थोर पुरुषाचं नाव सांगतो. खुणेचं विचारलं की खरं बाहेर येतं: 'विहिरीपाशी', 'म्हसोबाच्या मागं', 'जुन्या वीटभट्टीवर', 'ओढ्याच्या वळणावर'. जे शब्द दोनतीन वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतील ते वहीत लिहा, कुणी सांगितलं आणि अंदाजे किती वर्षांपासून तसं म्हणतात, हेही.

मग कागद. शहरं गावांवर वाढली, त्यामुळे बहुतेक उद्यानांखाली कुणाचं तरी शेत असतं आणि शेतांना नावं असायची: पांढरी, चिकणी, आंब्याचा मळा, लांबकं, खडकी. गाव नकाशावर ओढे, पाणंदी, शिवेचे दगड दिसतात. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांकांचा नकाशा पाहता येतो. जुन्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, टेकड्या, तळी, देवळं आणि बाजार यांची नोंद असते. पुण्यापुरतं सांगायचं तर १८८५ साली छापलेला गॅझेटिअरचा अठरावा खंड तीन भागांत आहे, आणि शहराच्या एकेका पेठेची माहिती त्यात आहे. मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत हे खंड बसून वाचायला मिळतात.

आणि त्या जमिनीवर पूर्वी राबणारं कुटुंब अजून आसपास असेल तर त्यांच्याकडे जा. जमीन गेलेल्या घरात उद्यानाविषयी बोलायला जाताना थोडं जपून जावं लागतं. चहा घ्या, ऐकून घ्या, नावाचं शेवटी विचारा. एका आजोबांनी मला त्यांच्या शेतातल्या नऊ तुकड्यांची नऊ नावं एका दमात सांगितली होती. ती कुठल्याच कागदावर नव्हती.

झाडं, पक्षी आणि पाणी यांच्याकडेही बघा. जागेवर शंभरी गाठलेला वड असेल आणि आराखड्यात तो राखलेला असेल, तर नाव तिथे उभंच आहे. एक मात्र तपासा: उद्यान विभाग तो वड खरोखर ठेवणार आहे ना? 'वडाची बाग' नाव देऊन वड तोडला गेला, तर पुढच्या मुलांना काय सांगणार?

४. यादी छाटा

या फेऱ्यांतून पंधरावीस नावं जमतात. ती पाचांवर आणायची. माझ्या चाळण्या अशा:

बोलून बघा. 'आई, मी … मध्ये चाललो' या वाक्यात नाव घालून मोठ्यानं म्हणा. पाचसहा अक्षरांपलीकडचं नाव लोक कापतात, आणि कापल्यावर काय उरतं ते आधीच पाहायला हवं. थोर व्यक्तीचं नाव असेल तर हे विशेष महत्त्वाचं, कारण आदरार्थी भाग पहिल्यांदा गळतो. शिवाजी पार्कच्या नावात 'छत्रपती' आणि 'महाराज' हे शब्द अधिकृतपणे २०२० साली घातले गेले, म्हणजे नामकरणानंतर ९३ वर्षांनी. आदर पहिल्याच दिवशी नावात असू द्या आणि तरीही नाव बोलायला सुटसुटीत ठेवा, हे जमवणं सोपं नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या उद्यानाला पु. ल. देशपांडे यांचं नाव दिलं, ते मात्र सहज रुळलं, कारण 'पुलं' हे नाव मराठी माणसाच्या तोंडी आधीपासूनच होतं. जपानमधल्या ओकायामा शहराशी पुण्याचं मैत्र म्हणून ते उद्यान जपानी धर्तीवर केलं गेलं, आणि पुष्कळ जण त्याला नुसतं 'ओकायामा' म्हणतात. दोन्ही नावं सुखानं नांदतायत.

पुनरावृत्ती तपासा. महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या उद्यानांच्या यादीत तुमचं नाव आधीच आहे का, बघा. एका शहरात एकाच थोर व्यक्तीच्या नावाची तीनतीन उद्यानं असली की त्या व्यक्तीचा गौरव तिप्पट होत नाही. मात्र कुणाला चालताना भोवळ आली आणि १०८ ला फोन लावला, तर रुग्णवाहिका चुकीच्या फाटकावर जाऊ शकते. मला हे कारण सगळ्यात वजनदार वाटतं, आणि अधिकाऱ्यांनाही ते लगेच पटतं.

व्यक्तीचं नाव असेल तर तीन गोष्टी बघा: ती हयात नसावी, तिचा या जागेशी किंवा शहराशी धागा दाखवता यावा, आणि वारस असतील तर त्यांची लेखी संमती असावी. स्थानिक शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका, प्लेगच्या किंवा महापुराच्या वेळी राबलेले डॉक्टर, टेकडीवर झाडं लावणारा माणूस, अशा नावांना मी मोठ्या नावांआधी जागा देईन. मोठ्या नावांना शहरात जागा मिळतेच. यांना पुन्हा कुठे मिळणार?

जातिवाचक नाव नको. वस्त्या आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. जुन्या नकाशात असं नाव सापडलं तर ते इतिहास म्हणून वहीत ठेवा, पाटीवर आणू नका. त्या वस्तीतल्या माणसांना विचारा, त्यांना काय आवडेल. समता, क्रांती, भीम या शब्दांनी घडलेली नावं लोकांनी स्वतः निवडलेली आहेत आणि त्यांना वजन आहे.

देणगीदार कंपनीचं नाव मी पूर्ण उद्यानाला देणार नाही. सामाजिक जबाबदारीच्या निधीतून खेळणी आली असतील तर तिथे छोटी पाटी लावा. करार संपला की कंपनी जाईल, उद्यान राहील.

५. विचारणा: कमी प्रश्न, जास्त दारं

पाच नावं झाली की लोकांपुढे जा. समाजमाध्यमावरचं मतदान सोपं वाटतं, पण त्यात मोबाइल हातात असलेली आणि आधीच गटात असलेली माणसंच दिसतात. उद्यान सगळ्यात जास्त वापरणार कोण? दुपारी येणाऱ्या आज्या, शेजारच्या वस्तीतली मुलं, घरकाम करून परत जाताना पाच मिनिटं टेकणाऱ्या बायका. त्यांचं मत घ्यायचं तर त्यांच्या दाराशी जावं लागतं.

एक कागद करा. वर पाच नावं, प्रत्येकासमोर एका ओळीत अर्थ. माणसानं दोन नावांवर खूण करायची, एकावर नाही. दोन खुणांनी फार फरक पडतो: प्रत्येक जण आपल्या गटाचं एक नाव निवडतो आणि दुसरं मनापासून आवडलेलं, आणि बहुतेक वेळा ते दुसरंच सगळ्यांना चालणारं असतं. शेवटी 'याहून चांगलं नाव' अशी एक रिकामी ओळ सोडा. कागदावर मत देणाऱ्याचा फोन किंवा घर क्रमांक मागू नका, फक्त 'कुठल्या भागात राहता' एवढं पुरे. शाळेत मुलांना वेगळं विचारा आणि त्यांची बेरीज वेगळी दाखवा. अंतिम मोजणी चार वेगवेगळ्या माणसांसमोर करा आणि आकडे तिथेच, फाटकाजवळ, हातानं लिहून लावा.

दोन नावं अटीतटीची निघाली तर? असं होतंच. जागेचं नाव सगळ्या उद्यानाला द्या आणि व्यक्तीचं नाव आतल्या एका भागाला: वाचनकट्टा, खुला रंगमंच, चालण्याची वाट, फुलपाखरांचा कोपरा. मी हे दोनदा करून पाहिलंय. ज्यांचं नाव मागे पडलं असं वाटत होतं, ते लोक पुढे त्या कट्ट्याची सगळ्यात जास्त काळजी घेताना दिसले.

६. प्रस्ताव लिहा आणि त्याच्या मागे चालत राहा

इथून पुढे महापालिकेची भाषा. महाराष्ट्रात मुंबई सोडून बाकीच्या महापालिका १९४९ च्या अधिनियमाखाली चालतात, मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि नगरपरिषदांना १९६५ चा. नामकरणाचा अंतिम निर्णय निवडून आलेल्या सभेचा. पुण्यात तिला मुख्य सभा म्हणतात, अनेक ठिकाणी महासभा, नगरपरिषदेत सर्वसाधारण सभा. तिथपर्यंत जाण्याची वाट शहरागणिक वेगळी: पुण्यात नावांसाठी नाव समिती असते, मुंबईत बाजार व उद्यान समिती, आणि पुष्कळ ठिकाणी प्रभाग समितीपासून सुरुवात होते. तुमच्या शहरात काय आहे, ते नगरसचिव कार्यालयात विचारा. तिथल्या लिपिकाला हा रस्ता तोंडपाठ असतो.

अर्ज एका पानाचा असू द्या. मजकूर साधारण असा:

'विषय: आरक्षण क्रमांक … वरील नियोजित उद्यानास "…" असे नाव देणेबाबत. महोदय, सदर जागा पूर्वीपासून … या नावाने ओळखली जाते. त्याबाबतचे पुरावे सोबत जोडले आहेत. परिसरातील … नागरिकांनी मत नोंदवले असून त्यांपैकी … जणांनी हे नाव पसंत केले आहे. या नावाचे अन्य उद्यान महापालिका हद्दीत नाही. तरी सदर प्रस्ताव संबंधित समितीपुढे ठेवावा, ही विनंती.'

सोबत जागेचा नकाशा, मतमोजणीचा तक्ता, जुन्या नावाचे पुरावे, व्यक्तीचं नाव असल्यास वारसांचं संमतीपत्र. नकाशा विसरू नका. आमचा पहिला अर्ज नकाशा नसल्यामुळे चार महिने एका टेबलावर पडून होता, आणि ते आम्हाला कुणी कळवलंही नाही. तेव्हापासून प्रत्येक कागदावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मी काउंटर सोडत नाही.

एक प्रत नगरसेवकाला द्या आणि 'सूचक म्हणून तुमची सही हवी' असं थेट सांगा. सूचक म्हणजे सभेत प्रस्ताव मांडणारा; त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा मिळाला तर फार उत्तम. उद्यानाचं नाव एका पक्षाचं काम वाटू लागलं की दुसरा पक्ष वेगळं नाव आणतो, आणि मग जागेचा विचार मागे पडतो.

सभेच्या दिवशी दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, आयत्या वेळचे विषय. कार्यपत्रिकेत नसलेलं नाव शेवटच्या दहा मिनिटांत मंजूर होऊ शकतं. दुसरी, उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात सुचवलेली दुरुस्ती. तुमचा विषय मंजूर होतो, पण उपसूचनेसह, आणि उपसूचनेत नावाचा एक शब्द बदललेला असतो. प्रेक्षक कक्षात बसण्याची परवानगी आधी घ्या, आणि ठरावाची प्रत हातात येईपर्यंत पेढे वाटू नका.

निवडून आलेली सभाच नसेल तर? मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकांकडे राहिला. अशा काळात सभेचे अधिकार प्रशासकच वापरतो. तेव्हा तुमच्या मतमोजणीच्या तक्त्याला जास्त किंमत येते, कारण लोकांचं म्हणणं दाखवणारा तो एकच कागद फाइलमध्ये असतो.

७. पाटी

ठराव झाला की उद्यान विभागाकडे पाटीचा मजकूर लिखित द्या, तोंडी सांगू नका. रंगाऱ्याला शुद्धलेखन माहीत असेलच असं नाही, आणि एकदा लागलेली चूक वर्षानुवर्षं राहते. मराठी मोठं आणि वर. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी वापरण्याचा २०२२ चा कायदा तुमच्या बाजूनं आहे. नावाखाली दोन ओळी मागा: हे नाव का, आणि ठरावाचं वर्ष. एवढ्या दोन ओळी असल्या की पन्नास वर्षांनी कुणी बाई नातवाला फाटकाशी उभी राहून गोष्ट सांगू शकेल.

मग उरलेली कामं, जी कुणाच्याच यादीत नसतात: गूगलच्या नकाशावर नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये सारखं नोंदवणं, बसथांब्याचं नाव बदलण्यासाठी परिवहन विभागाला ठरावाची प्रत देणं, जवळच्या पोलीस चौकीला आणि अग्निशमन केंद्राला कळवणं, रिक्षा स्टँडवर जाऊन चालकांना सांगणं. बसथांब्याचं काम लांबतं, त्याचा पाठपुरावा वेगळा करा. वाहक दिवसातून चाळीसपन्नास वेळा ते नाव पुकारेल, आणि आठवडाभरात ते तुमच्या वहीतून निघून शहराच्या तोंडी गेलेलं असेल.